पत्ता खालून वर

३ फेब्रुवारी

बारक्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखलं असशीलच. सात वर्षांत ते बदललेलं नाही आणि ते लिहिणारीही बदललेली नाही. तेव्हा आधीच सांगते, गोडीगुलाबी करायला हे पत्र लिहीत नाहीये. एक बातमी आहे. ती मामाला कळलीच पाहिजे असा चिंगीचा हट्ट आहे, आणि ती हट्टाच्या बाबतीत कोणावर गेली आहे हे तुला सांगायला नको.

तुझी भाची तुझ्या शहरात येतेय. वर्षभरासाठी.

तू गेलास तेव्हा ती दोन वेण्या घालून, दप्तर पायावर आपटत शाळेत जायची. आता ती माणसांना पाय करून देते. खरंच सांगते. इथल्या मोठ्या इस्पितळामागे कृत्रिम पायांची कार्यशाळा आहे, तिथे ती तीन वर्षं काम करतेय. गुडघ्याखालचा पाय साच्यापासून पट्ट्यापर्यंत एकटी करते. घरी येते तेव्हा केसांत प्लास्टर, नखांत प्लास्टर, डब्याच्या झाकणावर प्लास्टर. गेल्या वर्षी एका ट्रकचालकाला तिने पाय बसवला. तो महिन्याने तपासणीला आला, खोलीभर दोन फेऱ्या मारल्या, आणि डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कुठला पाय?" तो म्हणाला, "तुम्हीच ओळखा." त्यांनी चुकीचा पाय दाखवला! चिंगी हे सांगताना हसली नाही, नखांतलं प्लास्टर काढत होती. मी मात्र अख्ख्या गल्लीला सांगितलं.

तर तुमच्याकडच्या एका संस्थेत वर्षभराचं प्रशिक्षण आहे. जगभरातून सहा जण घेतले. त्यातली एक आपली. व्हिसा मिळाला, पासपोर्टात चिकटलासुद्धा. मी तो तीन वेळा उघडून बघितला. तुझ्यामाझ्यात त्या कागदावरून जे झालं त्यानंतर मला तो शब्दही घरात नको होता. पण ते राहू दे.

मी मागच्या वर्षी निवृत्त झाले. टपाल छाटायच्या खोलीत तेहतीस वर्षं. कामाला लागले तेव्हा तिथे बाईमाणसाला बसायला स्टूल नव्हतं. निघाले तेव्हा माझ्या हाताखाली अकरा जण होते. निरोपाच्या दिवशी साहेब म्हणाले, "बाईंच्या हातून चुकीच्या खणात गेलेलं पत्र मला अजून कोणी दाखवलेलं नाही." पुष्पगुच्छ सुकला, हे वाक्य आहे अजून.

चिंगीचं विमान २ मार्चला तिथे सकाळी साडेदहाला उतरेल. तू विमानतळावर जावंस असं मी म्हणत नाही. तिने तारीख कळवायला सांगितली, मी कळवली.

ताई

१९ फेब्रुवारी

बारक्या,

तुझं उत्तर आलेलं नाही. यायला हवं होतं असंही नाही. पण परवा जे झालं ते कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, आणि गल्लीतल्या सगळ्यांना सांगून झालंय.

परवा दुपारी चिंगी कामावरून अर्ध्यातूनच घरी आली. हात तसेच पांढरे. दारातच म्हणाली, "आई, संपलं सगळं." मला वाटलं कोणी गेलं. तिने फोन पुढे केला. मेल होता. वर सरकारी चिन्ह, खाली मोठ्या अक्षरात: आपला व्हिसा रद्द करण्यात आला आहे. कागदपत्रांत त्रुटी आढळली असून अठ्ठेचाळीस तासांच्या आत खालील दुव्यावर जाऊन पासपोर्टचा फोटो, बँकेच्या कार्डाची माहिती आणि पुनर्तपासणीचं शुल्क भरावं. न भरल्यास पाच वर्षं प्रवेशबंदी. आणि शेवटी, प्रकरण गोपनीय असल्याने कार्यालयाशी परस्पर संपर्क साधू नये.

चिंगीचं पूर्ण नाव बरोबर होतं. पासपोर्टचा क्रमांकही बरोबर, मी ताडून बघितला. त्यानेच ती गार पडली होती. "त्यांना माझा नंबर कसा माहीत असेल, आई? खरंच असणार." तिचा अंगठा त्या निळ्या ओळीवर टेकायच्या बेतात होता. मी फोन तिच्या हातातून काढून घेतला आणि म्हटलं, "आधी हात धुऊन ये."

ती हात धुवायला गेली, तेवढ्यात दोन तज्ज्ञ जमले. कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला म्हणाला, "ताई, हे सगळे मेल खोटेच असतात, टाका पुसून." तिचा व्हिसा काढून देणारा एजंट फोनवर म्हणाला, "मॅडम, सरकारी मेल आहे, उगाच डोकं चालवू नका, भरून टाका." एक म्हणतो खोटाच, एक म्हणतो खराच. आणि गंमत सांगू? दोघांनीही तो नीट वाचलेला नव्हता. झेरॉक्सवाल्याने लांबूनच बघितला होता आणि एजंटने तर बघितलाही नव्हता.

मग मी चष्मा पुसला आणि बसले.

तुला आठवत असेल, नसेल, आम्ही पाकिटावरचा पत्ता खालून वर वाचायचो. आधी शेवटची ओळ, देश. मग शहर. मग पेठ, गल्ली. माणसाचं नाव सगळ्यात शेवटी, ते पोस्टमनने बघायचं. नावाच्या जागी लोक काय वाट्टेल ते लिहितात. पाकीट जातं ते शेवटची ओळ सांगेल तिकडे. तसाच मी तो मेल वाचला. पाठवणाऱ्याचं नाव ठसठशीत, व्हिसा विभाग. त्या नावावर बोट ठेवलं की खरा पत्ता दिसतो, हे मला चिंगीनेच कधीतरी शिकवलं होतं. पत्त्यात पुढे खात्याचं नाव होतं, मग टिंब, मग सरकारचं नाव, मग पुन्हा टिंब, आणि सगळ्यात शेवटी कुठल्यातरी मदत केंद्राचं नाव, दुकानाला असतं तसं. म्हणजे वरच्या ओळीत राजवाडा आणि खालच्या ओळीत पानाची टपरी. ती निळी ओळसुद्धा त्याच टपरीकडे जात होती.

चिंगी म्हणाली, "म्हणजे खोटा."

मी म्हटलं, "थांब. अजून ठरलेलं नाही."

कारण पाकिटाच्या मागे पाठवणारा म्हणून कोणीही कोणाचंही नाव लिहू शकतं, हे मला माहीत आहे. शेवटची ओळ बरोबर असती तरी मी त्या मेलवर विसंबले नसते. आणि ओळ चुकीची आहे म्हणजे व्हिसा शाबूत आहे, असंही होत नाही. त्या मेलला विचारायचंच नाही, ज्याने व्हिसा दिला त्याला विचारायचं. म्हणून मी व्हिसाबरोबर आलेला कागद काढला, शिक्क्याचा, मूळ. त्याच्यावरचा संकेतस्थळाचा पत्ता चिंगीला एकेक अक्षर सांगितला, तिने हाताने टाइप केला, मेलमधल्या कशालाही बोट लावायचं नाही असं बजावून. तिचा अर्ज क्रमांक घातला. पान उघडायला इतका वेळ लागला की ती माझं मनगट धरून उभी राहिली. मग आलं: मंजूर. वैध.

तरी मी फोन केला. मेलमधल्या नंबरवर नाही, कागदावरच्या. चाळीस मिनिटं नुसतं संगीत ऐकलं. चिंगी म्हणत होती सोड आता. मी सोडते होय! शेवटी एक बाई आल्या. मी सगळं वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "व्हिसा चालू आहे. कार्डाची माहिती आम्ही मेलवर कधीच मागत नाही. आणि आमच्याशी बोलू नका असं तर आम्ही कोणाला सांगतच नाही. तुम्ही विचारलंत ते फार बरं केलंत." मग त्यांनी विचारलं, "आपण काय करता?" मी म्हटलं, "टपाल छाटत होते." त्या हसल्या. मी नाही हसले. मी थट्टा करत नव्हते.

पासपोर्टचा क्रमांक त्यांना मिळाला कसा, तेही उलगडलं. चिंगीने आठवडाभरापूर्वी स्वस्त प्रवासविमा शोधताना एका पानावर सगळी माहिती भरली होती. तिथूनच गेला. रडली थोडी. मी रागावले नाही, कधी नव्हे ते. मेलची तक्रार केली, बँकेलाही कळवून ठेवलं.

कालपासून गल्लीतले लोक फोन घेऊन येतायत. ताई, हे जरा बघा. मावशी, वीज तोडणार म्हणतायत, खरं का? झेरॉक्सवाला स्वतः आला, त्याच्या मुलाचा नोकरीचा मेल घेऊन, आणि तो खरा निघाला! त्याने तो पुसायला घेतला होता. मी दारात खुर्ची टाकून बसलेय आणि माझी मान किती ताठ आहे हे तुला इथूनही दिसेल.

एवढंच लिहिणार होते. पण चिंगी आत्ता भाजी निवडताना म्हणाली, "आई, मामालाही असाच मेल आला होता ना गं, आजीच्या वेळी?"

मी म्हटलं, मीठ आण.

ताई

२१ फेब्रुवारी

बारक्या,

हे पत्र टाकायला मी काल पेटीपर्यंत गेले आणि परत आले. फाडलं, आज पुन्हा लिहितेय. तेव्हा अक्षर वाकडं आलं तर चालवून घे.

त्या दिवशी तू फोनवर म्हणालास, "ताई, व्हिसा रद्द झाल्याचा मेल आलाय. आत्ता निघालो तर परत येता येणार नाही म्हणतायत. मी तुला पाठवलाय, बघ ना." आई इस्पितळात होती. सहावा दिवस. तू येणार म्हणून मी तुझी गादी उन्हात टाकली होती. आणि मी काय म्हणाले ते तुझ्याइतकंच मलाही पाठ आहे. "बरोब्बर आत्ताच बरा आला मेल. तुला यायचं नाहीये, तर तसं सांग. कागदामागे लपू नकोस." वर खोटारडा म्हटलं. दोन दिवसांनी आई गेली. त्यानंतर तुझे फोन मी उचलले नाहीत. पहिल्या वर्षी अकरा आले होते.

तुझा तो मेल मी उघडलाच नव्हता.

काल चिंगीने जुना पासवर्ड कुठून तरी शोधून काढला आणि तो उघडून माझ्यापुढे ठेवला. सात वर्षं तो तिथे न वाचलेला, ठळक अक्षरात बसून होता. मी खालून वर वाचला. बारक्या, तो खोटा होता. चिंगीला आला तसाच, मजकूरही जवळपास तोच. राजवाडा वर, टपरी खाली. देश सोडल्यास कायमची बंदी. कार्यालयाशी संपर्क साधू नये. तुला इथून परत तिकडे जाण्याचा परवाना तातडीने हवा होता, तेव्हा तू घाईघाईत कुठल्यातरी पानावर माहिती भरली असशील. आई तिकडे अशी, तुझं चित्त थाऱ्यावर असेल कशाला. त्यांनी तुझ्याकडून काय काय काढून घेतलं ते मी विचारणार नाही.

मला ते ओळखायला चार मिनिटं लागली. कार्यालयाला फोन करून विचारायला फार तर आणखी तासभर लागला असता. तुझ्या विमानाला अजून एक दिवस होता.

पण त्याहून वाईट वेगळंच आहे. तू तो पाठवताना वर एक ओळ लिहिली होतीस. "ताई, हे बघ ना जरा, तुला पत्त्यातलं कळतं. काय करू?"

तू सबब सांगत नव्हतास. तू विचारत होतास. लहानपणी गणिताची वही घेऊन यायचास तसा, आणि मी वही न उघडताच तुला चूक म्हटलं. परवा त्या झेरॉक्सवाल्याला आणि एजंटला मी केवढी हसले. न वाचताच बोलतात म्हणून. मी सात वर्षं तेच केलं.

तो मेल खोटा होता हे तुला माहीत आहे की नाही, मला ठाऊक नाही. माहीत नसेल तर हे पत्र म्हणजे तुझ्या छातीत सुरीच. म्हणून काल परत आले. चिंगी म्हणाली, "आई, मामाला कळवायचं की नाही हे तू कसं ठरवणार?" ते खरं आहे. तुझ्या वतीने मी एकदा ठरवलंय, तेवढं पुरे.

मी चुकले. तू खोटारडा नव्हतास. मला माफ कर. हे शब्द मी चाचपून, चष्मा लावून लिहिलेत. असे मी आजवर कोणाला लिहिलेले नाहीत.

तुझी ताई

२४ मार्च

बारक्या,

काल तुझा फोन ठेवल्यावर मी बराच वेळ खिडकीशी बसून होते. चहा गार झाला, तो तसाच प्यायले.

आधी चिंगीचं. तिने मला सगळं कळवलंय. विमानतळावर तू फुलं वगैरे न आणता जाड कोट घेऊन उभा होतास, आणि तिला ओळखलंस ते चेहऱ्यावरून नाही, चालण्यावरून. म्हणालास, "ताईसारखी चालतेस, समोरच्याने बाजूला व्हावं म्हणून." मी अशी चालते? चालत असेन. ती म्हणते मामा लिफ्ट दुरुस्त करतो, तीस मजल्यांच्या इमारतीत दोरावर लोंबकळतो, आणि त्याच्या सहीशिवाय ती लिफ्ट सुरू होत नाही. हे तू मला कधी सांगितलं नाहीस. मी ऐकलं नाही, हेही खरंच. आज सकाळी झेरॉक्सवाल्याला सांगितलं. त्याच्या दुकानात चार गिऱ्हाइकं होती, त्यांनीही ऐकलं.

आणि काल तू सांगितलंस ते. तुला ठाऊक होतं. मेल आल्यानंतर नवव्या दिवशी तू त्या कार्यालयात प्रत्यक्ष गेलास, रांगेत उभा राहिलास, आणि खिडकीतल्या माणसाने कागद बघून सांगितलं की हे आमचं नाही, तुमच्या व्हिसाला काही झालेलं नाही. तू बाहेर येऊन बाकावर बसलास. आई जाऊन सात दिवस झाले होते. तू म्हणालास, "मी येऊ शकत होतो, ताई. एवढंच डोक्यात होतं. मला अडवणारं कोणी नव्हतंच." मी विचारलं, "मग सांगितलं का नाहीस?" तू म्हणालास, "सांगायलाच फोन करत होतो. अकरा वेळा. नंतर वाटलं, बरंच झालं उचलला नाहीस. खोटारडा म्हणून घेतलं, ते पेलत होतं. मूर्ख म्हणाली असतीस तर पेललं नसतं."

नसते म्हणाले. आता तर खात्रीने नसते. चिंगीचा अंगठा कुठे टेकणार होता ते मी बघितलंय. ती मूर्ख नाही आणि तूही नव्हतास. तिच्या बाजूला त्या वेळी कोणी तरी होतं, तुझ्या बाजूला नव्हतं, एवढाच फरक. माझा भाऊ एकट्याने परदेशात गेला, मार खाल्ला, सात वर्षं कोणापुढे रडला नाही, आणि आज लोक त्याच्या सहीच्या भरवशावर तिसाव्या मजल्यावर जातात. यात मान खाली घालण्यासारखं मला काही दिसत नाही.

मग तू हळूच विचारलंस, "आई शेवटी काही म्हणाली का?" मी म्हटलं, "नाही रे. झोपेतच गेली."

ते खोटं होतं. फोनवर माझ्या तोंडून निघेना, म्हणून लिहितेय.

शेवटच्या दिवशी सकाळी ती चांगली शुद्धीवर होती. नर्स उशी नीट करत होती. तिने सहज विचारलं, "आजी, मुलगा आला नाही का?" मी पायाशी उभी होते. मी मुद्दाम गप्प राहिले. म्हटलं, आता कळू दे तिलाही लाडक्या लेकाचं. आई त्या नर्सकडे बघून म्हणाली, "माझा मुलगा आला नाही ना, म्हणजे त्याला कोणीतरी अडवलंय. तो आपणहून थांबणाऱ्यातला नाही. तुम्हाला माहीत नाही तो." आणि हे ती काकुळतीने नाही म्हणाली. मान उशीवरून उचलून म्हणाली, मी बढती मिळाल्यावर चाळीत पेढे वाटताना जशी बोलले होते ना, त्या तोऱ्यात. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "हिला विचारा."

नर्सने माझ्याकडे बघितलं. मी पायाकडची चादर सारखी करत राहिले.

तो मेल तिने वाचला नव्हता, तिला मेल म्हणजे काय हेही माहीत नव्हतं. मला तिचा इतका राग आला होता की हे वाक्य मी चिंगीलाही सांगितलं नाही. तुला तर नाहीच. ते तुझं होतं. काल रडलास तसा आताही रडशील. रड, पण त्यानंतर ताठ बस, कारण आई तुझ्याविषयी ताठ मानेनेच बोलली.

आणखी एक. काल फोन ठेवता ठेवता तू म्हणालास, "मे महिन्यात सुट्टी आहे. येऊ का?" आणि मी म्हणाले, "बघ तुझ्या सोयीनं."

ते खोडते. ये.

तुझी ताई